भाऊबीजेच्या टाइल्स

गेल्या महिन्यात सुनेनं स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला काचेच्या टाइल्स लावून घेतल्या. छिंदवाड्याहून दोन माणसं आली, बादलीत तयार मसाला कालवला, जेवणाच्या सुट्टीआधी अर्धी भिंत केली आणि संध्याकाळी हात धुऊन निघूनही गेली. टाइल्स छान आहेत. लांबट, धुरकट निळ्या, दिवा लावला की त्यात आपला चेहरा पुसट दिसतो. सून मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली आणि मी नुसती बघत उभी राहिले. तिला वाटलं, रंग आवडला नाही. "आई, चेहरा असा काहून केला तुम्ही?" तिनं विचारलं. मी गुडघ्याचं दुखणं पुढे केलं. खरं म्हणजे मला राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता. ज्या माणसावर होता तो जाऊनही बराच काळ लोटला. राग मात्र आपल्या जागेवरून हललेला नाही. सुनेला त्या दिवशी जे सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवते.

पांढुर्ण्याचं आमचं घर लांबट होतं. पुढे बैठक, मध्ये एक अंधारी खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मग अंगण. बाबूजी, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर. त्यांचं मराठी स्वच्छ, हिंदी त्याहून स्वच्छ, आणि दोन्हींत त्यांना ऐकत राहावंसं वाटे. गावात कुणाच्या घरी भांडण झालं, मुलाचं नाव ठेवायचं असलं, पोरीला पुढे शिकवावं की नाही असा प्रश्न पडला की लोक आमच्या बैठकीत येऊन बसत. पोरींना शिकवा, असं बाबूजी ठासून सांगत, आणि मला त्यांनी कॉलेजात घातलंही होतं. ते मी नाकारत नाही. ताईचं लग्न होऊन ती वर्ध्याला गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो होतो, पण जेवायला तिघंच असं क्वचितच घडे. आलेल्या कुणालाही "आता जेवूनच जा" म्हणायची बाबूजींना सवय होती. त्यांच्या उदारपणाचं नाव होतं. भाकरी आई थापायची.

बैठकीला दर दिवाळीला रंग लागे. स्वयंपाकघराच्या वाट्याला डब्याच्या तळाशी उरलेला यायचा, तोही उरला तर. ओट्यामागची भिंत मला डोळे मिटले तरी दिसते. खाली हळदीचा पिवळा थर, त्यावर तिखटतेलाचे ओघळ, आणि भरताची वांगी भाजून भाजून वरपर्यंत चढलेला काळा पट्टा. हिवाळ्यात आई सांबारवड्या तळायची तेव्हा घरभर कोथिंबीर आणि खसखशीचा वास दरवळायचा, बैठकीतली माणसं "वा, वहिनी" म्हणून आतल्या दिशेनं ओरडायची, आणि तळणाचा सगळा धूर त्या भिंतीला जाऊन बसायचा. आई सोड्याच्या पाण्यानं ती भिंत घासायची. घासली की प्लास्टर भुसभुशीत होऊन पापुद्रे सुटायचे आणि कधी कधी वरणाच्या गंजात पडायचे. एकदा एका पाहुण्याच्या ताटात तसा पापुद्रा निघाला. बाबूजी हसत म्हणाले, "आमच्याकडे वरणात चुना फुकट मिळतो." सगळे हसले. आई वाढायला वाकली होती, ती तशीच सरळ झाली आणि आत गेली. मी सतराअठरा वर्षांची होते. त्या हसण्यात मी सामील झाले नाही एवढंच मला आठवतं.

आईचा भाऊ, आमचा मामा, नागपुरात बांधकामाच्या सामानाच्या दुकानात कामाला होता. दर भाऊबीजेला तो आईला लुगडं आणायचा. त्या वर्षी आईनं त्याला आधीच निरोप पाठवला की लुगडं नको, काचेच्या त्या बारक्या टाइल्स आण, ओट्यामागं लावायला. तिनं त्या नागपुरात कुणाच्या तरी घरी पाहिल्या होत्या आणि हात फिरवून पाहिल्या होत्या. एका फडक्यानं पुसलं की झालं, असं ती मला दोनदा तरी म्हणाली होती. मामा पॅसेंजरनं आला. जड खोके, गर्दी, त्यामुळे त्याला पांढुर्ण्याला उतरताच आलं नाही. गाडी सुटली आणि तो पुढच्या स्टेशनावर, तिगावला, उतरून, खोके पायाशी घेऊन, मिळेल त्या जीपनं परत आला. दारात आला तेव्हा त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "बाई, यंदाची ओवाळणी लय वजनी हाय तुही," तो म्हणाला. आईनं त्याला ओवाळलं आणि आधी खोकाच उघडला. जाड खाकी कागदाच्या चौकोनावर नखाएवढे काचेचे तुकडे ओळीनं चिकटवलेले. रंग कोवळ्या मोसंबीच्या सालीचा. आईनं एक सुटा तुकडा घेऊन खिडकीशी धरला आणि कितीतरी वेळ त्यातून अंगणाकडे पाहत राहिली. तिला मी इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल.

बाबूजींनीही कौतुक केलं. "मिस्तरी रिकामा झाला की लावून घेऊ," असं मामासमोर म्हणाले. खोके मधल्या खोलीत दिवाणाखाली गेले. संत्र्यांचा तोडा सुरू झाला, रस्त्यावरून पेट्यांनी भरलेले ट्रक जाऊ लागले, थंडी पडली, पण मिस्तरी काही रिकामा होईना. आई विचारायची तेव्हा बाबूजी म्हणायचे, "बोललो आहे मी त्याच्याशी." पुढे मला कळलं की ते त्याच्याशी कधीच बोलले नव्हते.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई दिवाणाशेजारी जमिनीवर बसलेली. केरसुणी हातात, दिवाणाखाली केर काढलेला, आणि खोके नाहीत. बैठकीत बाबूजी दोघा मास्तरांशी बोलत होते. आई उठली, मधल्या दाराशी गेली आणि परक्या माणसांसमोर जशी हळू बोलायची तशीच हळू म्हणाली, "खोके कुठी हायत?"

"सौंसरला पाठवले काल," बाबूजी म्हणाले. "शांताच्या नव्या घराची वास्तू आहे रविवारी. आहेर काहीतरी द्यायचाच होता. ट्रक चाललाच होता तिकडे, दिले टाकून."

शांता म्हणजे बाबूजींची धाकटी बहीण, माझी आत्या.

"त्या माह्या भावानं मले देल्या होत्या," आई म्हणाली.

बाबूजी पाहुण्यांकडे बघून हसले. "आता घरात तुझं-माझं काय असतं? जरा चहा ठेव."

आईनं चहा ठेवला. तो तिनं तिघांना नेऊन दिला, कपबशा परत आणल्या, विसळल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून तिला म्हणाले, "तू चहा काहून दिला?" माझा आवाज चढला होता. आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या रात्री मला बाबूजींपेक्षा तिचाच जास्त संताप आला होता. आज मला कळतं की ती गप्प नव्हती, ठरवत होती. पण कळलं म्हणून त्या चहाची चीड कमी होत नाही. तो चहा मागणाऱ्याची चीड तर मुळीच कमी होत नाही.

सकाळी बाबूजी शाळेत गेले आणि आईनं लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसलं. मला म्हणाली, "चाल." कुठे ते मी विचारलं नाही. आई एकटीनं कधी गावाबाहेर गेलेली नव्हती. माहेरी जायचं तरी मामा न्यायला यायचा. बस स्टँडवर ती सरळ सौंसरच्या बसमध्ये चढली आणि खिडकीशी बसली. कंडक्टर आला तेव्हा मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "दोन सौंसर." शेजारच्या बाईनं आम्हाला एकेक संत्रं देऊ केलं. मी माझं सोलून खाल्लं. आईनं तिचं मांडीवर ठेवलं. कपाशीची शेतं संपून संत्र्यांचे बगीचे लागले, पुन्हा कपाशी आली, आणि आई समोरच्या सीटच्या दांड्याला धरून बसली होती ती तशीच. तिच्या हाताच्या शिरा वर आलेल्या दिसत होत्या. एकदाच ती बोलली. "भावाले काय सांगू मी? तो पुढच्या दिवाळीले येईन, भिंत पाहीन." 

आत्याचं घर नवंकोरं होतं. ओल्या चुन्याचा वास, दारात वाळूचा ढीग. आत्या आम्हाला बघून धावतच आली. "वहिनी, तुमी? अन् न सांगता? या, या, पाहा तरी तुमच्या टाइला कशा दिसून राहिल्या." आणि तिनं आईला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. मिस्तरी काम करत होता. ओट्यामागची भिंत जवळजवळ निम्मी हिरवी झाली होती. दारातून ऊन येत होतं आणि ती निम्मी भिंत पाण्यासारखी चमकत होती. इतकं सुंदर काही मी आमच्या कुणाच्याच घरात पाहिलं नव्हतं.

"दादा म्हणे, वहिनीनं खास तुह्यासाठी निवडून आनल्या," आत्या सांगत होती.

"मी निवडल्या," आई म्हणाली. "माह्यासाठी. माह्या भावानं भाऊबीजेले देल्या. यायनं, तुह्या दादानं, मले न इचारता तुले धाडल्या."

आत्याचा चेहरा उतरला.  मग तिचाही पारा चढला, आणि तो आधी आमच्यावरच. "मंग आता काय करू मी? भिंतीच्या उखडून देऊ? रविवारी पाचशे मानूस येऊन राहिलं माह्या घरी."

"लावलेल्या राहू दे. उरलेल्या दे."

"अर्धी भिंत तशीच ठिवू? लोक काय म्हनतीन मले? वहिनी, एवढ्याशा काचेसाठी तुमी पांढुर्ण्याहून भांडाले आल्या?"

"हो," आई म्हणाली. "भांडालेच आली."

आईच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. ती ओरडली नाही. पण तिथून ती हललीही नाही. आत्या बरंच काही बोलली: तिच्या सासरच्यांसमोर तिची काय शोभा होईल, आयुष्यात एक घर बांधलं तर त्यालाही दृष्ट लागायची होती. आई ऐकत उभी राहिली. मिस्तरी थापी हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. बोलता बोलता आत्याचा आवाज फाटला आणि ती ओट्याला टेकून रडायला लागली. "मले तरी कोनं इचारलं?" ती म्हणाली. "माह्या लग्नात माह्या वाट्याच्या पाटल्या दादानं दुसऱ्याच कोनाले देल्या. तवाही तो असाच हसला होता. मी काहीच बोलली नाही." मग पदरानं डोळे पुसून ती मिस्तरीला म्हणाली, "ठेवा ती थापी. उरलेल्या खोक्यात भरा."

मिस्तरी भरत होता तेव्हा आईनं त्याला विचारलं, हे लावतात कसं. तो म्हणाला, भिंत आधी खरवडायची, तेलकट भिंतीला काही धरत नाही. मग पकड यावी म्हणून टोचे मारायचे, भिजवायची, पांढरं सिमेंट लोण्यासारखं लावायचं आणि कागद आपल्याकडे ठेवून अख्खा चौकोन दाबायचा. चिकटला की कागद ओला करून सोलून काढायचा. आईनं त्याला आणखी दोन गोष्टी विचारल्या आणि मान हलवली. आत्यानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिखट झुणका होता आणि गरम भाकरी. आई जेवली, चांगली जेवली. निघताना आत्यानं तिच्याकडची पांढऱ्या सिमेंटची पिशवी आणि मिस्तरीची एक जुनी थापी माझ्या हातात दिली.

बाबूजी घरी आले तेव्हा आम्ही पोचलो होतो. त्यांनी खोके पाहिले. "शांतानं परत केल्या?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मी आनल्या." ते बैठकीत जाऊन बसले. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. आईनं ओटा रिकामा केला आणि आम्ही दोघी कोयत्यानं आणि सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, भिंत खरवडायला लागलो. एवढ्या वर्षांचा तो थर ओला करून काढताना त्याला कढलेल्या तेलाचा उग्र वास सुटला. ढेकळं निघत होती. आईच्या प्रत्येक घावाचा आवाज बैठकीपर्यंत जात असणार. खालचं प्लास्टर लागलं तेव्हा ते पांढरंच होतं. ते कधी पांढरं होतं हेच मी विसरले होते. दुपारी आम्ही सिमेंट कालवलं. पहिला चौकोन वाकडा बसला. आईनं तो न चिडता काढला, पुसला, पुन्हा लावला. मी दोन्ही तळहातांनी दाबून धरायची आणि ती लाकडी पाट ठेवून वरवंट्यानं हलके ठोके द्यायची.

तेवढ्यात बाबूजी शाळेतून आले आणि दारात थांबले.

"हे काय चाललंय? मिस्तरीला सांगितलं होतं ना मी?"

"दिवाळीपासून तो येऊनच राहिला," आई म्हणाली. हात थांबला नाही.

"लोक काय म्हणतील? मास्तरांची बायको गवंडीकाम करते?"

आईनं पुढचा ठोका दिला. ते माझ्याकडे वळले. "नंदा, तू तरी ठेव ते खाली. जा, अभ्यासाला बस."

माझे तळहात भिंतीला टेकलेले होते. मी म्हणाले, "सोडलं तर पडेल." आणि सोडलं नाही.

"बरं. जेवायला काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "भिंत ओली हाय. गॅस पेटवता येत नाही."

बाबूजी तसेच पाठ फिरवून बाहेर पडले आणि स्टँडजवळच्या हॉटेलात जेवले. भिंत त्या थंडीतही एका दिवसात चांगली वाळली. मी बोट लावून पाहिलं होतं. आई म्हणाली, अजून ओली हाय. दुसऱ्या दिवशीही म्हणाली. आम्ही दोघी मुरमुरे, शेंगदाणे आणि शेजारच्या काकूंनी दिलेल्या भाकरीवर राहिलो. बाबूजींनी बैठकीतल्या लोकांना सांगितलं की मंडळींची तब्येत बरी नाही. त्या दिवसांत बैठक लवकर रिकामी व्हायची. कागद सोलून काढायचा होता तो आईनं मला काढायला दिला. ओल्या फडक्यानं पुसत गेलो तसा आतून हिरवा रंग उमटत गेला. उरलेल्या टाइल्स गॅसच्या मागेच पुरल्या. वरची आणि बाजूची भिंत तशीच पांढऱ्या प्लास्टरची राहिली. आई म्हणाली, "लागते तेथीच लागल्या." मग तिनं गॅस पेटवला.

बाबूजी गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. लोक खरंच रडले. त्यांनी किती घरं सावरली, किती मुली शिकवल्या, ते एकामागून एक सांगत होते आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. मी पुढच्या रांगेत बसले होते. ताई मला नंतर म्हणाली, "आता तरी सोडून दे ना." मी नाही सोडलं. चांगल्या माणसानं घरच्या बाईचं असं उचलून द्यायचं, हसायचं, आणि वर चहा मागायचा, हे मला वाईट माणसानं केलेल्यापेक्षा जास्त लागतं. वाईट माणसाला निदान लोक वाईट म्हणतात.

एक प्रसंग मात्र लिहिलाच पाहिजे. टाइल्स लावल्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेचे नवे हेडमास्तर बदलून आले, ते सपत्नीक आमच्याकडे जेवायला आले. बाई चौकस होत्या, हात धुवायला म्हणून आत आल्या आणि भिंत पाहून थांबल्या. मागोमाग हेडमास्तर आणि बाबूजीही आले. "किती सुरेख," बाई म्हणाल्या. "इथे कुठे मिळाल्या?"

"नागपूरहून मागवल्या," बाबूजी म्हणाले. "म्हटलं, हिला रोज घासावं लागतं, त्रास होतो. लावून दिल्या."

आई पोळी लाटत होती. तिनं लाटणं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि बाईंकडे वळून म्हणाली, "माह्या भावानं देल्या. यायनं मले न इचारता नणंदेले धाडल्या. मी सौंसरहून परत आनल्या अन् मी लावल्या. मी अन् हिनं." मग तिनं पुन्हा लाटणं उचललं.

 हेडमास्तर बैठकीकडे वळले. बाई तिथेच उभ्या राहिल्या आणि हळूच त्यांनी टाइलवरून हात फिरवला.

पाहुणे गेल्यावर बाबूजी स्वयंपाकघरात आले. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "चार लोकांत माझी इज्जत काढलीस तू."

आई भांडी आवरत होती. "मी खोटं बोलली का?" तिनं विचारलं.

 बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आई उत्तराची वाट बघत उभी होती, हातात ओली परात, आणि तिला घाई नव्हती. शेवटी ते अंधाऱ्या खोलीतून बैठकीकडे निघून गेले. मला त्यांची दया यायला हवी होती, असं ताई म्हणते. तेव्हा आली नाही. आत्ता हे लिहितानाही येत नाही.